अंगठ्यासकट

२ मार्च, सोमवार

आज आणखी एक मूल रडवलं!

पासपोर्टचा फोटो होता. चार वर्षांचं पोरगं स्टुलावर बसून छान पाय हलवत होतं. मी नेहमीसारखी कॅमेऱ्याच्या बाजूने डोकावले, हसले — आणि त्याने भोकाड पसरलं. आई म्हणाली, "घाबरला हो तो तुम्हाला." मला! रडकी पोरं हसवण्याबद्दल अख्ख्या गल्लीत जिचं नाव आहे, त्या बाईला!

स्टुडिओ बंद केल्यावर तिथल्याच आरशात हसून बघितलं. ओठांचे कोपरे वर जातच नाहीत. वरचा ओठ तेवढा मधूनच उचलतो आणि दात दिसतात. हसू कसलं, साखळीला बांधलेलं कुत्रं परक्या माणसाला दाखवतं तसलं काहीतरी. दमले असेन. दिवसभर उभी होते.

४ मार्च, बुधवार

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मला डोळा मारतेस?"

मी सासूबाईंना डोळा मारावा असं आमचं नातं नाही. म्हटलं, "नाही हो आई, पापणी जड झालीय."

"रोज बरी संध्याकाळीच जड होते!"

मग मोबाइल वर धरून खटकन माझा फोटो काढला. नणंदबाईंनी आपला जुना मोबाइल त्यांना दिल्यापासून हा नवा छळ आहे. फोटो काढायचा आणि लेकीला पाठवायचा, एवढंच त्यांना येतं. तेही धड नाही — प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा. घरात एक फोटोग्राफर, एक फोटो दुरुस्त करणारा, आणि यांचा अंगठा!

सून जेवताना डोळे मारते, ही बातमी गरम गरमच पोचली पाहिजे ना लेकीकडे.

९ मार्च, सोमवार

जिना उतरताना दोन जिने दिसले. चुकीचा निवडला. गुडघा सोलला.

गंमत म्हणजे कॅमेऱ्यातून सगळं ठीक दिसतं. कॅमेऱ्याला उजवा डोळा लावला, डावा मिटला की जग एक. कॅमेरा खाली ठेवला की जग दोन. दिवसभर काम करते तेव्हा कळतच नाही. संध्याकाळी घरी वर आले की नवरे दोन, सासूबाई दोन. एक होती तीच पुरेशी होती.

नवऱ्याला सांगितलं. तो मागच्या खोलीत एका साहेबांना केस लावत होता. (मी फोटो काढते, तो चेहरे दुरुस्त करतो. डाग पुसतो, हनुवट्या कमी करतो, टकलावर पीक काढतो. आमच्या स्टुडिओतून मूळ चेहऱ्याने आजवर कुणी बाहेर पडलेलं नाही. मूळ फोटो तर दर शनिवारी पुसूनच टाकतो — जागा अडते म्हणून.) म्हणाला, "चष्म्याचा नंबर वाढला असेल." आणि साहेबांच्या भांगाकडे वळला.

१२ मार्च, गुरुवार

डोळ्यांचे डॉक्टर. सकाळी साडेनऊची वेळ. सकाळी साडेनऊला माझे डोळे टुकटुकीत! सगळी अक्षरं वाचली, अगदी तळाची बारीकसुद्धा. "पापणी कुठे उतरलीय? छान तर आहे." संध्याकाळी या म्हटलं तर संध्याकाळी ते नसतात.

१७ मार्च, मंगळवार

नवा चष्मा आला. आता दोन्ही नवरे स्वच्छ दिसतात.

२३ मार्च, सोमवार

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. नवरा बरोबर होता, आणि न बोलावता सासूबाई. आत गेल्या गेल्या त्यांनी सुरुवात केली, "डॉक्टर, हिला ना —" डॉक्टर हसून म्हणाले, "आजी, तुम्ही जरा बाहेर बसा हं. पेशंटला बोलू दे." गेल्या बिचाऱ्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी माझं वय विचारलं. सत्तेचाळीस म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मला वाटलं, झालं, सापडला रोग! "या वयात होतं असं. ताण घेऊ नका. सकाळी चाला. जीवनसत्त्वं लिहून देतो." पापणी उतरली, चाला. दोन दिसतं, चाला. दोन दोन रस्ते दिसत असताना चालायचं कोणत्या, ते सांगितलं नाही.

बाहेर सासूबाई बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. घरी येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. म्हटलं, चला, एवढा तरी फायदा.

२८ मार्च, शनिवार

घरात लष्करी राजवट लागू झाली आहे.

कलम एक. दुपारी स्टुडिओ बंद. "तुमच्या त्या शटरच्या खडखडाटाने माझी झोपमोड होते." इतकी वर्षं झाली नाही, ती आता होते! मला निमूट आडवं व्हावं लागतं, कारण खाली गेले तर जिन्यावर यांचे कान.

जेवण आता सहाला. दिवस मावळायच्या आत. कोंबड्यांसारखं.

आणि जेवणात जे काही असेल ते मऊ. उकडलेला बटाटा कुस्करून, अंडं कुस्करून, गाजराचं सूप. म्हटलं, "आई, मला दात आहेत अजून." म्हणाल्या, "माझे नाहीत. तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करू का?" जड पातेली वरच्या फळीवर गेली, माझ्या हातून फुटतात म्हणून. स्टीलची पातेली कशी फुटतात, देव जाणे.

नवऱ्याला म्हटलं, तुझ्या आईशी बोल. म्हणाला, "बोलतो." वीस वर्षं हेच बोलतोय.

२ एप्रिल, गुरुवार

एका ऑफिसचा ग्रुप फोटो होता. पन्नास माणसं तीन रांगांत. कॅमेरा उचलला, आणि हात वर राहीना. थरथर नाही, दुखणं नाही — नुसता खाली येतो, कुणीतरी कोपराला धरून ओढल्यासारखा. शेवटी तिवई लावली. मग मानच खाली पडायला लागली. हनुवटीखाली डावा हात टेकवून फोटो काढले. साहेब म्हणाले, "मॅडम विचारात पडल्यात वाटतं आम्हाला बघून."

त्यात संध्याकाळी आवाज नाकातून यायला लागतो. एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होते, तुमचे फोटो तयार आहेत. तो म्हणाला, "मॅडम, तुमची पार्टी चालू दिसते, मी उद्या करतो फोन."

पार्टी! गाजराच्या सुपाची.

८ एप्रिल, बुधवार

आज घास अडकला. मऊच होता. तोंडात फिरवता फिरवता जबडा थांबला आणि गिळताही येईना. पाणी प्यायले तर ते नाकातून आलं. नवरा पाठीवर थोपटत राहिला. मला भीती वाटली. पहिल्यांदाच खरी भीती वाटली. हे दमणं नाही. दमलेलं माणूस झोपतं, ते बटाट्याने गुदमरत नाही.

आणि सासूबाईंनी काय करावं? फोटो काढला!

१४ एप्रिल, मंगळवार

परत डॉक्टर. यावेळी नवऱ्याने आईला घरी ठेवलं.

डॉक्टर म्हणाले, "पापणी खरंच उतरत असेल तर जुन्या फोटोंत दिसेल. कधीपासून, किती, सगळं कळेल. तुम्ही तर फोटोवालेच आहात!" ही त्यांनी पहिली शहाणपणाची गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या खांद्याला लॅपटॉप कायमचाच. गेल्या दोन वर्षांतले माझे सगळे फोटो डॉक्टरांनी एकेक करून पाहिले. वाढदिवस, भाचीचं लग्न, स्टुडिओच्या जाहिरातीतले, संध्याकाळचे, सकाळचे. सगळीकडे डोळे टपोरे. हसू कानापर्यंत. मीच बघत राहिले. इतकी ठणठणीत बाई मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"बघा," डॉक्टर म्हणाले, "फोटो काही खोटं बोलत नाहीत." आणि मनाच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला. मन मोकळं करा म्हणाले.

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

रस्त्यात म्हणाला, "हात आपोआप जातो गं."

"कसला हात?"

"तुझ्या वाढदिवसाच्या फोटोत डोळा अर्धा मिटलेला होता. वाटलं, पापणी लवली असेल नेमकी. उजवा उचलला, उलटा करून डाव्यावर बसवला. मग पुढच्या फोटोतही तसंच दिसलं. मग... सवयच लागली. हसूही थोडं ओढून घ्यायचो."

"आणि मूळ फोटो?"

"शनिवारी."

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस दर फोटोत माझा डोळा उघडत होता आणि घरी समोर बसून त्याला तो मिटलेला दिसला नाही. विचारलं, "एकदाही वाटलं नाही, हिला विचारावं?" म्हणाला, "वाटलं होतं. पण फोटो झाल्यावर बरी दिसायचीस, मग राहून जायचं."

दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. भर रस्त्यात मी रडले. तेही एकाच डोळ्यातून नीट, दुसरा मिटलेला.

१५ एप्रिल, बुधवार

बोललेच नाही त्याच्याशी. संध्याकाळी तर बोलताच येत नव्हतं, पण ते त्याला कळू दिलं नाही.

२० एप्रिल, सोमवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते. हात दमला तर उद्या पुरं करीन.

सकाळी सासूबाई चपला घालून दारात उभ्या. "डॉक्टरांकडे चल. मला तुझी तक्रार करायची आहे."

मला वाटलं चेष्टा. चेष्टा नव्हती. नवऱ्याने "आई, असं काय?" वगैरे केलं, पण त्यांच्यापुढे त्याचं कधी चाललंय? गेलो तिघं. डॉक्टर पहिल्या वेळेसारखेच म्हणाले, "आजी, तुम्ही जरा —"

"मी सुनेची तक्रार करायला आलेय," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा खुलला! स्वतः खुर्ची पुढे केली. पाणी मागवलं. पेन खाली ठेवून, हात बांधून, गोष्ट ऐकायला बसावं तसे बसले. बाहेरची नर्ससुद्धा काहीतरी शोधायला आत आली आणि तिला ते सापडेना.

सासूबाईंनी तोफ डागली. "सकाळी ही गुणाची असते. गोड बोलते, पटपट कामं करते. दिवस कलला की हिचे ढंग सुरू. मला डोळा मारते. तोंड वेंगाडते. मी काही बोलले की मान खाली टाकते. प्रश्न विचारला तर नाकात उत्तर देते. घास तोंडात धरून बसते, माझ्या हातचं गिळायचं नाही म्हणून. दुपारी झोपली तर तासभर बरी वागते, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. पाहुणे असले, बोलणं जास्त झालं, की अजूनच वाईट."

मी जळफळत होते. तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टरांकडे पाहिलं. ते हसत नव्हते. बांधलेले हात सुटले होते आणि पेन परत हातात आलं होतं. "दुपारी झोपल्यावर बरं असतं?" त्यांनी विचारलं. "बोलण्याने वाढतं?"

"पुरावा आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पर्समधून मोबाइल काढला.

रोज संध्याकाळचे फोटो. फेब्रुवारीपासूनचे. जेवणाच्या टेबलावर मी — डोळा अर्धा, मग पाव, मग बंद. मी हसतेय ते गुरगुरणं. मी हाताने जबडा धरलाय. मी घास अडकून लाल झालेय. प्रत्येक फोटो तिरका, अर्धा टेबलाचा, आणि कोपऱ्यात जाडजूड गुलाबी अंगठा. इतके वाईट फोटो मी जन्मात पाहिले नाहीत. आणि दोन वर्षांत माझा एवढा खरा फोटो कुणी काढलेला नव्हता.

डॉक्टरांनी आमच्यासमोरच फोन लावला. नसांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ उद्या दुपारी चारची मिळाली. मनाच्या डॉक्टरांचा कागद त्यांनी हळूच परत घेतला. माझ्या लक्षात आलं ते.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तक्रारीचं काय झालं? काही बोलले नाहीत तुला ते?" फार नाराज दिसल्या.

२१ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई कमी बोलतात. "वर छताकडे बघा. बघत राहा." बघत राहिले. मिनिटभरात डाव्या पापणीचं शटर हळूहळू खाली. मग हातमोज्यात बर्फ भरून दोन मिनिटं पापणीवर धरला. काढला — डोळा टक्क उघडा! नवरा "अरे!" म्हणाला आणि खुर्चीवरच बसला. दोन वर्षं जे काम कॉम्प्युटरवर करत होता, ते बर्फाने दोन मिनिटांत केलं.

मग म्हणाल्या: नसेकडून निरोप निघतो, स्नायूच्या दारापर्यंत जातो, पण रोगाशी लढणारे आपलेच पहारेकरी दार अडवून बसलेत. सकाळी थोडेफार निरोप आत घुसतात. वापरून वापरून संध्याकाळपर्यंत तेही अपुरे पडतात. मायस्थेनिया ग्रेव्हिस. रक्त तपासू, छातीचं स्कॅन करू.

"छातीचं कशाला? माझा डोळा मिटतो," मी म्हटलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

रोगाला नाव मिळालं. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

२९ एप्रिल, बुधवार

छातीच्या हाडामागे गाठ आहे. हृदयाला टेकून. लिहिताना हात थांबतोय — दमून नव्हे.

थायमस नावाची ग्रंथी. लहानपणी तिथे पहारेकऱ्यांची शाळा भरते म्हणे — आपला कोण, परका कोण ते शिकवतात. मोठेपणी शाळा बंद पडते, आक्रसते. माझी शाळा बंद पडली नाही. उलट तिने इमारत वाढवली, आणि पोरांना उलटंच शिकवून बाहेर सोडलं. गाठीत ग्रंथी आणि चरबी दोन्ही असावं, असं स्कॅनवरून वाटतं. थायमोलिपोमा. दुर्मिळ. या रोगाबरोबर तर फारच दुर्मिळ. "बहुतेक साधीच असते, पण काढून तपासल्याशिवाय मी शब्द देणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

चावता येत नाही म्हणून मी वाळत चाललेय, आणि ही बया आत बसून चरबी चढवतेय!

५ मे, मंगळवार

दुर्मिळ झाल्यापासून माझा भाव वाढलाय. इस्पितळात दहा शिकाऊ डॉक्टर रांगेने येऊन माझी पापणी उचलून गेले. एकाने विचारलं, "फोटो काढू का?" म्हटलं, "काढ, पण अंगठा नको."

नातेवाइकांचे फोन. सगळ्यांना थायरॉइड माहीत आहे, थायमस कुणालाच नाही. मी सांगते, ही वेगळी ग्रंथी. ते म्हणतात, "हो हो, तेच ते, माझ्या जावेला आहे, कोबी बंद कर." कोबी बंद केलाय. नाहीतरी चावता कुठे येत होता?

गोळ्या सुरू झाल्या. अर्ध्या तासात डोळा उघडतो, आवाज परत येतो, पोटात मात्र घुसळण. चार तासांनी जादू संपते. जबड्यात जोर असतो तेवढ्या वेळात मी नवऱ्याला बोलून घेते.

११ मे, सोमवार

नवऱ्याने शपथ घेतली, यापुढे एकाही चेहऱ्याला हात लावणार नाही. दुपारपर्यंत टिकली. तीन गिऱ्हाइकांनी फोटो परत आणले — "हा मी नाही!"

१९ मे, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी घरी करायची एक तपासणी दिलीय. मोठा श्वास घ्यायचा आणि तो सोडता सोडता आकडे मोजायचे. आकडा खाली यायला लागला तर थांबायचं नाही, थेट इस्पितळ. ऑपरेशन पुढच्या महिन्यात, तोवर रोज.

हे काम सासूबाईंनी ताब्यात घेतलंय. सहाला जेवण, आधी आकडे. हातात लाटणं नाही एवढंच. "मोज!" मी शाळकरी मुलीसारखी मोजते. पस्तीसपर्यंत गेले तर मान हलवतात. तिशीत अडखळले तर ताट देताना आपटतात. अन्न मिळण्यासाठी आकडे म्हणायला लागणारी मी बहुधा एकटीच सून.

२६ मे, मंगळवार

इस्पितळातून लिहितेय. नर्सबाईंनी पेन दिलं.

शनिवारी संध्याकाळी बारावर थांबले. तेरा म्हणायला हवाच नव्हती. हसावंसं वाटलं, मग वाटलं, मेले आता. डोळे उघडे होते, सगळं कळत होतं, फक्त छाती वर येत नव्हती. सासूबाईंनी मोबाइल उचलला. मला वाटलं फोटो काढतायत! त्या गाडी बोलावत होत्या. त्यांना फोन करताही येतो, हे मला तेव्हा कळलं.

गाडीत माझं डोकं त्यांच्या खांद्यावर. मान धरवत नव्हती. त्यांनी हाताने हनुवटी उचलून धरली होती, पूर्ण रस्ताभर. अंगठा गालावर.

आता शिरेतून औषध चाललंय. श्वास येतो. येतो आणि जातो, किती साधी गोष्ट! ऑपरेशन याच मुक्कामात करायचं ठरलंय.

२ जून, मंगळवार

उद्या सकाळी. छातीचं हाड उघडणार.

नवरा मागे लागला, एक फोटो काढू दे. म्हटलं, काढ, पण शनिवारी पुसलास तर खबरदार. त्याने काढला. मग बघत बसला कितीतरी वेळ. पापणी उतरलेली, तोंड वाकडं. म्हणाला, "मी पाहिलंच नव्हतं तुला." मी म्हटलं, "आता बघ. उद्याचं काही सांगता येत नाही." विनोद म्हणून म्हटलं होतं. दोघांनाही हसू आलं नाही. मला मरायचं नाही.

१४ जून, रविवार

आहे!

छातीवर मधोमध शिवण. खोकताना उशी छातीशी धरावी लागते. गाठ दोन मुठींएवढी निघाली म्हणे, पिवळट, मऊ.

२२ जून, सोमवार

तपासणीचा निकाल. साधीच गाठ. पूर्ण निघालीय. नवरा डॉक्टरीणबाईंसमोर रडला. त्यांनी त्याला पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "गाठ गेली म्हणजे रोग गेला असं समजू नका. शाळा पाडली, पण शिकून बाहेर पडलेली पोरं अजून हिंडतायत. वर्ष, दोन वर्षंही लागतील. गोळ्या चालूच." बरं. निदान नवी भरती बंद.

घरी राजवट तीच. दुपारी शटर बंद, सहाला जेवण, आधी आकडे. फोटो चालूच. मी म्हटलं, "आई, आता तरी तक्रार पुरे." म्हणाल्या, "तुझ्या तक्रारी संपणाऱ्या आहेत का?"

५ जुलै, रविवार

नणंदबाई भेटायला आल्या. सासूबाई खाली दुधासाठी गेल्या होत्या. मी चेष्टेत म्हटलं, "ताई, तुमच्या फोनमध्ये माझी सगळी पापं जमा असतील. मी डोळा मारते, तोंड वेंगाडते..."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसली पापं गं? आईने कधी तुझी तक्रार केली माझ्याकडे?"

"मग ते फोटो?"

"रोज फोटो पाठवायची आणि फोन करून विचारायची, हिला काय होतंय गं? कालच्यापेक्षा जास्त मिटलाय ना? कुणाला दाखवू? तिला सांगितलं तर घाबरेल, आणि हा तर आंधळाच आहे. पहिल्यांदा डॉक्टरांनी बाहेर बसवलं ना, त्या दिवशी फोनवर रडली होती आई. दुपारी आडवी करते तिला, म्हणाली, शटरचं निमित्त करून."

मी कुस्करलेल्या बटाट्यांबद्दल विचारलं नाही. वरच्या फळीवरच्या पातेल्यांबद्दलही नाही.

६ जुलै, सोमवार

सासूबाई गाजरं सोलत होत्या. विचारलं, "आई, तुम्ही डॉक्टरांकडे तक्रार करायलाच गेला होतात ना?"

वर न बघता म्हणाल्या, "काळजी घेऊन आलेल्या म्हातारीला बाहेर बसवतात. सुनेची तक्रार घेऊन आलेल्या सासूला खुर्ची देतात, पाणी विचारतात."

मी गाजर सोलणाऱ्या त्यांच्या अंगठ्याकडे बघत बसले.

"बघत काय बसलीस? सहा वाजले. इकडे तोंड कर." मोबाइल वर आला. मी हसले. जेवढं जमलं तेवढं.

नवऱ्याला सांगितलंय, हा फोटो मोठा करून खाली स्टुडिओच्या काचेत लावायचा. कशालाही हात न लावता. अंगठ्यासकट.